पहिली मोहोर कुणासमोर उठली?

पेशव्याच्या शिक्क्यात पेशव्याचे नाव आधी येत नाही. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ हा क्रम आहे: आधी साताऱ्याचा राजा, मग पुण्याचा कारभारी. १७५० नंतर त्याच जागी ‘राजाराम नरपति’ आले आणि नानासाहेब पेशव्यांचा कारभार पुण्यातून कितीही जोरात चालू असला तरी शिक्क्यातले पहिले नाव साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकून पडलेल्या माणसाचेच राहिले. प्रतिनिधींच्या मुद्रेतही छत्रपतींचे नाव आधी येते आणि त्यांच्या कृपेने प्रतिनिधी ओळखला जातो. थोडक्यात, कऱ्हाड, वाई, मिरज, तासगाव या कृष्णाकाठच्या मुलखात जेवढ्या म्हणून मुद्रा चालत, त्या सगळ्या वरच्या मुद्रेकडे बोट दाखवीत आणि ते बोट शेवटी साताऱ्याच्या गादीवर जाऊन थांबे. मग साताऱ्याची मुद्रा कशावर उभी होती? तिच्यावर कुणाचा शिक्का होता? माझे म्हणणे असे की मुद्रेचा भरवसा तिच्या कोरीव अक्षरांत नसतो, शाईत नसतो, ती ठेवलेल्या पेटीच्या कुलपातही नसतो. ती पहिल्यांदा चालू झाली त्या क्षणी कुणाच्या हातात होती, समोर कोण होते आणि त्या हाताची ओळख कुणी पटवली, यात तो असतो. तो क्षण स्वच्छ असेल तर पुढची सगळी साखळी टिकते. गढूळ असेल तर पुढची कुठलीही तपासणी तो गढूळपणा काढू शकत नाही. उलट त्या मुद्रेखाली जितके कागद साचत जातात, तितके पहिल्या क्षणाविषयी विचारणे सगळ्यांनाच परवडेनासे होते. १७०८ ते १८४९ ही साताऱ्याच्या गादीची जवळजवळ दीडशे वर्षे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

आधी कागद कसा तयार होई ते पाहू, कारण मुद्रा एकटी कधीच काम करीत नसे. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांच्या कामांची जी वाटणी कानुजाबत्यात नोंदली आहे, तीत मुख्य प्रधानाने राजपत्रांवर शिक्का करावा आणि सचिवाने पत्रे वाचून अधिकउणे अक्षर शुद्ध करून आपले संमतीचे चिन्ह करावे असे सांगितले आहे. लिहिणारा चिटणीस वेगळा, शोधणारा वेगळा, शिक्का उठवणारा वेगळा. शाहू महाराजांच्या काळच्या सनदांवर राजमुद्रेखाली प्रतिनिधी आणि प्रधान यांच्याही मुद्रा दिसतात. मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये. कागदाच्या लांब पट्ट्या चिकटवून पत्र केले असेल तर पाठीमागे जोडावर मोहोर, म्हणजे मधला ताव बदलता येऊ नये. शिवाय एकाच दानाची तीनचार पत्रे निघत: एक खुद्द इनामदाराला, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, एक गावच्या मोकदमाला, एक सुभ्याच्या अंमलदाराला. पत्राच्या शेवटी ठरलेली सूचना असे की याची प्रत लिहून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे. सरकारी दफ्तरात तर नोंद असेच. शिक्का कोरणे हे काही देवाघरचे कसब नव्हते. कोरीव काम जाणणारा कुणीही हुशार कारागीर ठसा पाहून दुसरा ठसा बनवू शकला असता, आणि बनवीतही. पण एवढ्या हातांतून, एवढ्या जागी प्रती ठेवून जाणारा कागद मध्येच घुसडणे फार कठीण. म्हणजे खोट्याला अडवणारी भिंत मुद्रेच्या धातूबाहेर, माणसांच्या आणि दफ्तरांच्या रांगेत होती. हे ध्यानात घेतले की आजकाल प्रदर्शनात एखादा शिक्का काचेखाली ठेवून ‘यावर राज्य चालत होते’ असे जे सांगतात, ते अर्धेच खरे वाटू लागते.

या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग मात्र दुसराच आहे. राजा बदलला की मुद्रा बदले. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा २८ जानेवारी १६४६ च्या रांझे गावच्या पाटलाच्या प्रकरणातील पत्रावर आहे आणि तीत त्यांची ओळख शहाजीपुत्र म्हणून दिली आहे. पुढे प्रत्येक छत्रपतीची स्वतःची मुद्रा झाली, बहुधा बापाचे नाव घेऊन. वरची बदलली की खालच्या प्रधानांच्या मुद्राही नव्या होत. याचा परिणाम असा की कागदावरचा ठसा नुसते ‘कुणाचा’ एवढेच सांगत नाही, तर ‘कुणाच्या कारकिर्दीतला’ हेही सांगतो. १७४० सालच्या तारखेच्या सनदेवर ‘राजाराम नरपति’ असा पेशवाई शिक्का असेल तर ती सनद खोटी, मग अक्षर कितीही सुबक असो. मोडीचे वळण, सुहूर सन आणि राज्याभिषेक शक यांचा मेळ, आणि शिक्क्यातला राजा त्या तारखेला गादीवर होता की नाही, या कसोट्या मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना जुन्या दफ्तरदारांनीच नकळत तयार करून दिल्या. वाईत सापडलेल्या कागदांतून १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढणारे राजवाडे, मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दफ्तरावर आयुष्य घालवणारे वासुदेवशास्त्री खरे, साताऱ्याचे पारसनीस या सगळ्यांच्या कामाचा पाया हाच आहे. जुने बाद करून नवे काढण्याची ही रीत इतरत्रही होती. १६८८ च्या डिसेंबरात इंग्लंडचा दुसरा जेम्स पळताना राज्याची मोठी मोहोर थेम्समध्ये टाकून गेला. मोहोरच नसेल तर आपल्यामागे कारभार चालणार नाही, हा हिशेब. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी १६८९ मध्ये, इकडे संभाजी महाराज मोगलांच्या हाती पडले आणि रायगडावर त्यांचे भाऊ राजाराम महाराज यांचे मंचकारोहण झाले. पुढे ते जिंजीला असताना महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी हुकूमतपनाह म्हणून चालवला. इंग्रज राजाला वाटले तसे राज्य मोहोरेविना थांबत नाही. मात्र मधल्या काळात कुणाचा शब्द चालेल हे आधी ठरलेले असावे लागते.

हाच प्रश्न आज संगणकाच्या पोटात एका नखाएवढ्या चिपपुढे उभा राहिला आहे. टीपीएम नावाची ही चिप गुप्त किल्ल्या सांभाळते आणि यंत्र सुरू झाल्यापासून कोणकोणते सॉफ्टवेअर चालले त्याचा टप्प्याटप्प्याने ठसा घेत जाते. ते ठसे पुसता येत नाहीत, त्यांत भरच घालता येते, आणि चिप पुन्हा नव्याने चालू झाली तरच ते कोरे होतात. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ही चिप सक्तीची केली, त्यामुळे सांगलीच्या बाजारात आज घेतलेल्या लॅपटॉपमध्येही ती असते. अडचण अशी की अनेक यंत्रांत ती मुख्य प्रोसेसरपासून वेगळी बसते आणि दोघांमध्ये तारा असतात. २०१८ मध्ये जेरेमी बून या संशोधकाने दाखवून दिले की त्या तारांवर मध्ये एक छोटे उपकरण बसवले तर जाणारे-येणारे निरोप ऐकता येतात, बदलताही येतात. त्याहून वाईट प्रकार असा की यंत्र चालू असतानाच चिप तेवढी पुन्हा सुरू करावी आणि ‘सगळे नीट चालले आहे’ असे ठसे तिला नव्याने पढवावेत. चिप प्रामाणिकच राहते, पण तिला सांगितलेले खोटे असते. लिनक्सच्या २०२४ मध्ये आलेल्या ६.१० आवृत्तीत यावर उपाय झाला. चिपमध्ये एक बीज असे असते की ते प्रत्येक नव्या सुरुवातीला बदलते. यंत्र सुरू होताच ड्रायव्हर त्या बीजापासून एक किल्ली तयार करवून घेतो, तिची ओळख लक्षात ठेवतो आणि पुढचे बोलणे तिच्या आधाराने शिक्कामोर्तब करून व झाकून करतो. मागाहून कुणी चिप गुपचूप पुन्हा चालू केली तर बीज बदलते, किल्ली जुळत नाही आणि ड्रायव्हरला कळते की आपण ज्या कारकिर्दीशी बोलत होतो ती संपली. तरी एक भोक उरतेच. अगदी पहिल्या वेळी, किल्ली मागतानाच, मधल्या उपकरणाने स्वतःची किल्ली पुढे केली तर? त्यासाठी त्या किल्लीवर चिपच्या कायमच्या किल्लीची साक्ष घ्यावी लागते, आणि त्या कायमच्या किल्लीला चिप बनवणाऱ्याचे प्रमाणपत्र असते. ही साक्ष ड्रायव्हर स्वतः घेत नाही. ते काम वापरणाऱ्याकडच्या सॉफ्टवेअरवर सोडलेले आहे. कारकीर्द बदलली की ठसा बदलायचा, आणि पहिल्या क्षणाची साक्ष बाहेरच्या कुणीतरी द्यायची: साताऱ्याच्या गादीची रचना नेमकी हीच होती.

अठराव्या शतकावर आजचा चष्मा चढवण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. शाहूकालीन कारकून किल्ल्या-बीजांचा विचार करीत नव्हता. त्याच्या दृष्टीने मुद्रा बदलणे हा राजेपणाचा मान होता. सुरक्षेचा बेत म्हणून ती रीत कुणी आखली असे मी म्हणत नाही. पण रीत कशासाठी सुरू झाली आणि ती काय साधते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याला दूरच्या माणसाने धाडलेल्या कागदावर विश्वास ठेवून जमीन द्यायची किंवा फौज पाठवायची आहे, त्याची अडचण शाई असो वा वीज, एकच असते. आणि ही तुलना उपयोगी आहे याचे खरे कारण दुसरे आहे: ती आपल्याला कुठे पाहायचे ते सांगते. मुद्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा मजकूर, आकार आणि अलंकार पाहतात. मी म्हणतो, गादी रिकामी झाल्यापासून नवी मोहोर पहिल्यांदा उठेपर्यंतचे ते थोडे दिवस पाहा.

साताऱ्याची पहिलीच मोहोर अशा दिवसांतून आली. १६८९ च्या अखेरीस रायगड पडला तेव्हा संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सात वर्षांचे होते. मोगल छावणीत सतरा-अठरा वर्षे काढून १७०७ मध्ये, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, ते सुटून आले. तो मुलगाच हा तरुण आहे हे कशावरून? राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाई यांच्या पक्षाने सरळ ‘तोतया’ असा पुकारा केला. राजकारणासाठी केला हे उघड आहे, पण प्रश्न म्हणून तो चुकीचा नव्हता, कारण शाहूंच्या हातात आपली ओळख पटवणारी कुठलीच वस्तू नव्हती. ती पटवली माणसांनी. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांच्या बाजूने खंडो बल्लाळ चिटणीस जाऊन पाहून आले. त्यांचे वडील बाळाजी आवजी थोरल्या महाराजांचे चिटणीस, म्हणजे राजपत्रे लिहिणाऱ्या घराचाच माणूस. त्याने ‘हेच ते’ म्हटल्यावर धनाजींचे मन वळले आणि ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू उघडी पडली. परशुरामपंत प्रतिनिधींनी साताऱ्याचा किल्ला ताराबाईंसाठी धरून ठेवला होता, तोही हाती आला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि संभाजीपुत्र म्हणवणारी नवी मुद्रा चालू झाली. बापाचे नाव मुद्रेत घालणे हा इथे नुसता रिवाज नव्हता, कारण तंटा नेमका त्याच नावाचा होता. तरीही १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत कृष्णा-वारणेच्या मुलखातल्या वतनदारापुढे साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे असे दोन छत्रपती, दोन मुद्रा आणि दोन्हीकडून येणारी अस्सल पत्रे होती. खोटी पत्रे ओळखायची कसोटी इथे कामाची नव्हती. कोणती सुरुवात खरी मानायची एवढेच ठरवायचे होते, आणि ते बहुतेकांनी कोण जिंकते ते पाहून ठरवले.

शाहू महाराजांच्या बाबतीत निदान साक्षीदार एक बोलला आणि त्यावर ठाम राहिला. पुढच्या वेळी तेही झाले नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले. पोटी पुत्र नव्हता. कोल्हापूरच्या संभाजींना आणावे असा राणी सकवारबाईंचा आग्रह होता. ताराबाई मात्र इतकी वर्षे न सांगितलेली गोष्ट सांगत होत्या की आपला नातू, म्हणजे आपला मुलगा शिवाजी याचा मुलगा, लहानपणीच लपवून वाढवला आहे आणि तो हयात आहे. शाहूंनी मरणापूर्वी स्वतःच्या हाताने लिहिल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दोन याद्या पेशव्यांकडे आल्या. कोल्हापूरचा वारस आणू नये आणि राज्य पंतप्रधानांनी चालवावे, असा त्यांचा आशय. त्यांच्या बळावर पेशव्यांनी त्या तरुणाला पानगावाकडून आणवले. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की तो खरा नातू आहे हे पटवण्यासाठी ताराबाईंना भाऊबंदांसमोर त्याच्याबरोबर जेवून अन्नाची शपथ घ्यावी लागली. ४ जानेवारी १७५० रोजी तो गादीवर बसला. दुसरा राजाराम, लोकांच्या तोंडी रामराजा. मृत्यू आणि राज्याभिषेक यांत तीन आठवडेही नाहीत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि जाहीर केले की हा नातू नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे तसे शपथेवर सांगितले. एकाच साक्षीदाराच्या दोन शपथा, एकीच्या बरोबर उलट दुसरी.

न्यायाने पाहिले तर एवढ्यावर मुद्रा रद्द व्हायला हवी होती. पहिल्या क्षणाला जिने प्रमाणपत्र दिले तिनेच ते परत घेतले होते. झाले काय? काहीच नाही. रामराजा १७७७ च्या डिसेंबरात मरेपर्यंत त्याच्या नावाची मुद्रा चालली आणि तोपर्यंत पेशव्यांच्या शिक्क्यात पहिले नाव त्याचेच राहिले. कारण स्पष्ट आहे. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला राज्यकारभाराचे अधिकार पेशव्यांकडे देणारा जो करार झाला, तो याच राजाच्या संमतीचा. राजा खोटा तर करार खोटा, करार खोटा तर त्यानंतरच्या नेमणुका, सरंजाम, इनामे, सगळेच अधांतरी. ताराबाईंनाही त्याला पुरते उखडता आले नाही. दुसरा राजा त्यांच्याजवळ कुठे होता? नानासाहेब रामराजाला खरा मानीत होते की नाही, हा प्रश्न इतिहासकारांना मोहात पाडतो. मला तो गौण वाटतो. त्यांना तो खोटा मानणे परवडणारे नव्हते, एवढे पुरे. पहिल्या क्षणाची तपासणी करायची तर ती १५ डिसेंबर ते ४ जानेवारी यांच्या दरम्यान करायची होती. त्या वीस दिवसांत एका म्हाताऱ्या बाईचा शब्द आणि दोन चिठ्ठ्या यांपलीकडे कुणी काही मागितले नाही, आणि पुढच्या सत्तावीस वर्षांत मागण्याची सोय उरली नाही.

आता मोठा आक्षेप. हे सगळे खरे असले तरी मुद्रेचा इथे काय संबंध, खरे चालले ते तरवारीचे, असे म्हणता येईल. राजा किल्ल्यावर कोंडलेला, फौज पेशव्याची, मग साताऱ्याची मोहोर म्हणजे दिखावा. या म्हणण्याला पुरावा भक्कम आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. त्यानंतर त्यांचे चुलते राघोबादादा यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मागवली आणि ऑक्टोबरात आळेगावच्या मुक्कामी ती त्यांना मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, पुरंदरावर जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलाला तो चाळीस दिवसांचा असताना त्याच साताऱ्याहून वस्त्रे आली. १७९६ मध्ये तर जूनमध्ये चिमाजी अप्पा आणि डिसेंबरात दुसरे बाजीराव, असे सहा महिन्यांत दोन पेशवे एकाच गादीने नेमले. साताऱ्याहून नकार आला नाही. पुणे-सातारा रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याला वस्त्रे आणि शिक्के-कट्यार मिळत. चिपचे जे भय मी वर सांगितले ते हेच: आत बसलेला प्रामाणिक आहे, पण तारेवरून जो बोलेल त्याला उत्तर देतो. तरी आक्षेप घेणाऱ्याला एक विचारावे लागते. दिखावाच होता तर प्रत्येकाने तो न चुकता का केला? चाळीस दिवसांच्या पोरासाठी त्याच्या बाजूच्या कारभाऱ्यांनी, बारभाईंनी, साताऱ्याची वस्त्रे येईपर्यंत का थांबावे? याचे उत्तर मिरजेत सापडते. पटवर्धनांचा सरंजाम पेशव्यांच्या सनदांवर होता. राघोबादादांच्या आधीच्या अमलात मिरज हातची गेली तेव्हा गोपाळराव निजामाकडे गेले आणि मिरज परत मिळाली तेव्हाच परतले. असल्या सरदाराला दोन पेशव्यांतून एक निवडायचा असेल तर पुढे आपली सनद कुणाच्या नावावर टिकेल हे त्याला पाहावे लागे, आणि बारभाईंच्या मागे पटवर्धन उभे राहिले ते केवळ भावनेने नव्हे. तरवार राज्य मिळवून देते. पण शेकडो माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच बाजूला जावे यासाठी सगळ्यांना दिसेल अशी एक खूण लागते, आणि ती खूण साताऱ्याबाहेर कुठे मिळत नव्हती.

इंग्रजांना हे पेशव्यांइतकेच कळले होते. १८१७ च्या युद्धात दुसऱ्या बाजीरावांनी वासोट्यावरून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि त्यांच्या घरच्यांना आपल्या लष्करात आणून ठेवले, ते प्रेमाने नव्हे. सातारचा किल्ला फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारीला तिथेच जाहीरनामा काढला: पेशवाई संपली, साताऱ्याच्या राजासाठी मात्र राज्य राखले जाईल. राजा तेव्हा त्यांच्या हातातही नव्हता. तो नऊ दिवसांनी आष्टीच्या लढाईत आला. म्हणजे किल्ला मिळताच, राजा येण्याआधीच, नव्या सुरुवातीची घोषणा. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना गादीवर बसवले, २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला आणि १८२२ मध्ये पूर्ण अधिकार दिले. त्याच वर्षी, १८१९ मध्येच, सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांशीही ईस्ट इंडिया कंपनीने वेगळा करार केला. पेशव्याचा शिक्का मधून निघाला आणि सातारा व सांगली दोन्ही थेट कंपनीला टांगली गेली. साताऱ्याच्या मुद्रेची साक्ष आता रेसिडेन्सीकडे होती.

त्याचा अर्थ वीस वर्षांनी कळला. प्रतापसिंहांवर आरोप तीन: २३ व्या पलटणीतल्या शिपायांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी पत्रव्यवहार केला, आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले. पुरावा म्हणजे मुख्यतः कागद. ते कुठून आले, कुणाच्या हातांतून आले, कुणी पैसे देऊन मिळवले, यावर पुढे लंडनपर्यंत रण माजले. इंग्रजांच्या बाजूचे बाळाजीपंत नातू यांचे नाव त्यात सतत येते. दिवाण गोविंदरावांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या, नावाने आलेला एक अर्ज राजाच्या विरुद्ध वापरला गेला, आणि तो आपणच लिहिला असे कृष्णाजी सदाशिव भिडे याने मागाहून स्वतः सांगितले. महाराजांचे म्हणणे अखेरपर्यंत एकच होते: कागद बनावट आहेत, ते मला दाखवा, उघड चौकशी करा. गव्हर्नर कारनॅकने उलट प्रस्ताव ठेवला की आरोप मान्य करा आणि गादी राखा. त्यांनी नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना काढून काशीला नेले आणि भाऊ शहाजींना बसवले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू घेऊन लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडले. साताऱ्याचा माजी रेसिडेंट ब्रिग्ज आणि पार्लमेंटातला जोसेफ ह्यूम त्यांच्या बाजूने बोलले. शिक्के, हस्ताक्षरे, कागदांचा प्रवास यांवर शेकडो पाने छापली गेली. या प्रकरणात माझ्या सिद्धांताची मर्यादाही दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही. पहिला क्षण स्वच्छ असला, १८१८-१९ मध्ये खुद्द कंपनीनेच साक्ष दिलेली असली, तरी पडताळणाऱ्याला पडताळायचेच नसेल तर खरी मोहोर आणि खोटी मोहोर यांत फरक राहत नाही. कुठलीही मुद्रा समोरच्याला न्यायाने वागायला लावू शकत नाही. ती फक्त त्याच्या अन्यायाची नोंद ठेवते.

काशीत प्रतापसिंह १८४७ मध्ये वारले, शहाजी ५ एप्रिल १८४८ ला. मरतेवेळी शहाजींनी घेतलेला दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने मान्य केला नाही आणि १८४९ मध्ये सातारा खालसा झाला. या वेळी नवी मुद्रा निघाली नाही. पण जुन्या मुद्रांच्या लाखो ठशांचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढे उरला, कारण गावोगावच्या इनामांना आधार त्यांचाच होता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले. इनामदाराने सनद पुढे करावी आणि कमिशनने ती पुण्यातल्या पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहावी. शिक्का खरा असला तरी तेवढ्यावर भागत नसे. दफ्तरात दाखला आणि भोगवट्याचा पुरावा लागे. पत्रातल्या ‘प्रतिवर्षी नवे पत्र मागू नये’ या जुन्या शब्दांवर विसंबून ज्यांनी दोन-तीन पिढ्या कागद नीट जपले नव्हते, किंवा ज्यांच्या गावची प्रत वाळवीने, पुराने, लुटीने गेली होती, त्यांची खरी दानेही गेली. दफ्तर मात्र सरकारच्याच कुलपात होते. कुठली नोंद सापडली आणि कुठली नाही, हे सांगणारा कारकून ज्या सरकारचा, जप्त झालेल्या जमिनीचा वसूलही त्याच सरकारच्या खजिन्यात भरला जात होता.